आउटरवरची शिट्टी

मुळशी तालुक्यात आगगाडी नाही. धरण आहे, घाट आहे, भाताची खाचरं आहेत, अलीकडे शहरातल्या लोकांचे बंगलेही झालेत. पण रूळ म्हणाल तर हातभर लांबीचासुद्धा सापडायचा नाही. कोळवणच्या माणसाला गाडी बघायची हौस आली, तर त्याने आधी एसटीत बसून पुणं गाठायचं. अशा या तालुक्यात, पौड रस्त्यावरच्या भुकूम गावात, हैबतरावांच्या घराच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली होती आणि त्या खोलीतून रोज एक गाडी सुटायची, असं सांगितलं तर कुणालाही थाप वाटेल. पण ती सुटायची. तिचे ड्रायव्हर होते दादासाहेब खटके. नोकरी संपली तरी ज्याची ड्यूटी संपत नाही असा माणूस एखादाच असतो, आणि तो हा.

दादासाहेब मूळचे कुर्डुवाडीचे. तिथल्या छोट्या गाडीवर, अडीच फुटी रुळांवरच्या बार्शी लाइटवर, ते आधी भट्टीत कोळसा घालणारे फायरमन होते, मग ड्रायव्हर झाले. ही गाडी काही वाऱ्याशी शर्यत लावणारी नव्हे. चालत्या गाडीतून उतरून, चिंचा वेचून माणूस पुन्हा त्याच डब्यात चढायचा, असं तिकडचे लोक छातीठोकपणे सांगतात. दादासाहेबांना याचा भारी राग. "चिंचा न्हाई, बोरं," ते म्हणायचे, "आणि तेबी फक्त चढावर." कुणी हसलं की त्यांना कळायचं नाही यात हसण्यासारखं काय आहे.

वाफेच्या इंजिनाची शिट्टी ही बटण दाबून वाजवायची वस्तू नव्हती. ती ओढून वाजवायची, आणि किती ओढायची, कुठे सोडायची, ते ज्याच्या त्याच्या हातावर. स्टेशनाच्या बरंच अलीकडे जो पहिला सिग्नल लागतो तो आउटर. तिथे शिट्टी द्यायची हा नियमच. पण त्या नियमाच्या पोटात प्रत्येक ड्रायव्हर आपापली खूण घालायचा, आणि रेल्वेच्या चाळीतल्या बायका ती ओळखायच्या. हातातलं काम न थांबवता एक दुसरीला म्हणायची, "तुळजाबाई, तुमचे आले बरं का." दादासाहेबांची शिट्टी आधी सरळ लांब जायची, मग एक झटका, आणि शेवटी ते अशी हळूहळू सोडायचे की तिची शेपटी खाली उतरत उतरत विरून जायची. ती ऐकली की त्यांच्या पत्नी अनसूयाबाई तवा चढवायच्या आणि परातीत पीठ घ्यायच्या. इंजिन शेडला लावून, हातापायांचं काळं सोड्याने धुऊन दादासाहेब चाळीत पोचायचे, तेव्हा पहिली भाकरी तव्यावर फुगलेली असायची. वाफेची इंजिनं होती तोवर त्यांनी घरी गार भाकरी खाल्ली नाही.

मग डिझेल आलं. डिझेलचा भोंगा सगळ्यांच्या हातात सारखाच. चाळीतल्या बायकांचा गोंधळ उडाला. एकीने दुसरीच्या नवऱ्यासाठी तवा तापवावा, असे प्रकार झाले. अनसूयाबाईंनी काही दिवस अंदाज बांधून पाहिला, मग नाद सोडला आणि भाकऱ्या करून फडक्यात गुंडाळून ठेवू लागल्या. दादासाहेबांनी त्या तक्रार न करता खाल्ल्या, पण बढती मिळून पगार कमी व्हावा तसं त्यांना वाटत राहिलं. १९९८ साली ते निवृत्त झाले, ते हे शल्य घेऊनच.

मुलगा ऋषिकेश हिंजवडीत कॉम्प्युटर कंपनीत लागला, त्याला बायको मिळाली तीही तसल्याच कंपनीतली, अकोल्याची मृण्मयी. दोघांनी भुकूमला हैबतरावांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला आणि आईबाबांना बोलावून घेतलं. हैबतराव म्हणजे गावचे जुने शेतकरी. रस्त्याकडेचं रान विकून त्यांनी घर बांधलं होतं, आणि उरलेल्या रानात इंद्रायणी भात लावून ते भाडेकरूंना फुकटचे सल्ले देत असत.

भुकूमला येईपर्यंत दादासाहेबांचे कान जाऊ लागले होते. जन्मभर भट्टी आणि शिट्टी यांच्या मधोमध उभं राहणाऱ्याचे कान टिकायचे कसे? आधी पाखरं गेली, मग कुकरच्या शिट्ट्या, मग दाराची बेल. ऋषिकेशने कानाचं यंत्र आणून दिलं, तर ते कानात घातलं की स्वतःच बारीक शिट्टी मारायचं. "एका गाडीत दोन ड्रायव्हर चालत न्हाईत," असं म्हणून दादासाहेबांनी ते सुपारीच्या डबीत ठेवलं, ते कायमचं. त्यांच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून मोठ्याने बोलावं लागे. अनसूयाबाईंना त्याचा कंटाळा यायचा, मग त्या हातवाऱ्यांवर भागवायच्या.

२००४ साली ऋषिकेश कंपनीच्या कामाला जर्मनीत गेला आणि येताना एक खोकं घेऊन आला. त्यात वीतभर लांबीचं काळं इंजिन होतं, चार डबे, रूळ, आणि सोबत चालवायचं यंत्र. आता निवृत्त बापाला खेळण्यातली गाडी देणं यात थोडा धोका असतो. बाप एक तर चिडतो, नाही तर हुरळतो. दादासाहेबांनी चष्मा पुसला, इंजिन उलटं केलं, चाकांना जोडणारे दांडे बोटाने फिरवून पाहिले आणि विचारलं, "ह्याचा ब्रेक कुठाय?" झालं! त्या दिवसापासून गच्चीवरची खोली त्यांची झाली. हैबतरावांनी तिथली भाताची पोती हलवली आणि वर सल्ला दिला, "दादासाहेब, गाडी घेतलीच हाय तर तिकीट बी लावा."

या गाडीचा कारभार वेगळा होता, तो मृण्मयीने त्यांना समजावला. साध्या खेळण्यात वीज वाढवली की गाडी पळते, कमी केली की थांबते. इथे रुळांत वीज कायम भरलेली, आणि त्याच विजेतून हुकूम सुटतात. इंजिनाच्या पोटात नखाएवढी एक पट्टी असते, तिला डिकोडर म्हणतात. ती आपल्या नंबरचा हुकूम तेवढा उचलते. पळ, थांब, दिवा लाव, आवाज काढ. दादासाहेबांनी कानामागे हात धरून सगळं ऐकून घेतलं. "कंट्रोलचा फोन हाय म्हण की," ते म्हणाले. "सगळ्या स्टेशनांत ऐकू जातो, पण ज्याचं नाव घेतलं त्यानंच बोलायचं." मृण्मयी म्हणाली, "एक्झॅक्टली, बाबा." सासरा-सुनेची दोस्ती तिथून जमली. ऋषिकेश, ज्याने गाडी आणली, तो मात्र शनिवार-रविवार झोपा काढायचा. कानामागून आली आणि तिखट झाली, असं तो बायकोला म्हणायचा, आणि खुशीत असायचा.

दादासाहेबांनी वर्षभरात प्लायवुडवर अख्खी लाइन टाकली. स्टेशन, पाण्याची टाकी, आउटरचा सिग्नल, आणि एका बाजूला प्लास्टरचा घाट, ज्याला ते 'ताम्हिणी' म्हणत. इंजिन त्यांनी आपल्या जुन्या इंजिनासारखं रंगवलं. यंत्रावर आवाजाची बटणं होती. एक नंबरला भट्टीत कोळसा पडायचा, तीनला घंटा व्हायची, दोनला शिट्टी. पहिल्यांदा शिट्टी वाजली तेव्हा अनसूयाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. ती जर्मन शिट्टी होती, पिपाणीसारखी. "कुणाचं तरी पोरगं रडतंय," त्या म्हणाल्या.

दादासाहेब हसले नाहीत. त्या दिवशी त्यांच्या डोक्यात ठिणगी पडली. मृण्मयीने बोलता बोलता सांगितलं होतं की, या डिकोडरमधला आवाज पुसून दुसरा भरता येतो. म्हणजे आपली शिट्टी यात भरता येईल. कुर्डुवाडीची, वाफेची, आपल्या हातची. अनसूयाबाईंनी ती ऐकून कैक वर्षं झाली होती, आणि आपले उरलेसुरले कान किती दिवसांचे सोबती आहेत हे दादासाहेबांना ठाऊक होतं. कान पुरते जायच्या आत एकदा ती शिट्टी वाजावी, अनसूयेने ती ऐकून 'आले' म्हणावं आणि ते आपण ऐकावं, एवढंच त्यांना हवं होतं. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही. फक्त कुर्डुवाडीला फोन लावला, आणि तो इतक्या मोठ्याने केला की खालच्या मजल्यावर हैबतरावांच्या सारजाबाईंनाही सगळी बातमी कळली.

फोन भिकूला होता. भिकू त्यांचा जुना फायरमन. इंजिनं भंगारात निघाली तेव्हा त्याने भंगारवाल्याच्या हातापाया पडून एक पितळी शिट्टी मागून घेतली होती आणि गोठ्यात म्हशीच्या खुंट्याशेजारी टांगली होती. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. "तुमच्यासाठीच ठेवली असंल," तो म्हणाला, आणि एसटीच्या पार्सलने ती धाडून दिली.

आता शिट्टी आली, पण वाफ कुठली आणायची? त्यावर तोड निघाली पौड रस्त्यावरच्या पंक्चरच्या दुकानात. ट्रकच्या टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर होता, त्याला पाइप जोडून शिट्टी लावली. मृण्मयी लॅपटॉप आणि माइक घेऊन बसली. दादासाहेबांनी हातात झडप धरली, डोळे मिटले, आणि दिली. आधी सरळ लांब, मग झटका, मग ती उतरती शेपटी. रस्त्यावरची एक जीप थांबली. शेजारच्या हॉटेलातला कढईवरचा माणूस झारा घेऊन बाहेर आला. हैबतराव तर धोतर सावरत पळतच आले. "आवं, हितं रेल्वे कवा मंजूर झाली?" त्यांनी विचारलं. रान रेल्वेत गेलं की काय, ही त्यांची पहिली शंका. हवेवर शिट्टी जरा जाड बोलते, वाफेवर बारीक. मृण्मयीने तो आवाज कॉम्प्युटरवर थोडा चढवून घेतला आणि डिकोडरमध्ये भरला. हात मात्र दादासाहेबांचाच होता, त्यात तिने काडीचाही फरक केला नाही.

पण खरं घोडं पेंड खात होतं ते पुढेच. दादासाहेबांना ऐकू यायला हवं म्हणून आवाज ठेवला होता फुल. इंजिनामागच्या डब्यात खाऊच्या पानाच्या चुन्याच्या डबीएवढा स्पीकर बसवला होता, तो जीव तोडून ओरडायचा. गाडी डब्यांतले दिवे लावून, धूर सोडत, ताम्हिणी चढायची, आउटरला यायची. दादासाहेब दोन नंबर दाबायचे, शिट्टीचा पहिला सूर निघायचा, आणि सगळं बंद! दिवे गेले, धूर गेला, गाडी जागच्या जागी उभी. मृण्मयीने वीज पुरवणारा पांढरा डबा दाखवला. "बाबा, हा लहान आहे. मोटर, दिवे, धूर, आवाज, सगळे यावरच जेवतात. सगळ्यांनी एकदम ताट पुढे केलं की हा हात वर करतो. ओव्हरलोड."

हे दादासाहेबांना सांगायची गरजच नव्हती. चाकांना लागते ती वाफ आणि शिट्टीला लागते ती वाफ एकाच बॉयलरची असते. चढावर वाफ कमी असताना शिट्टी जपून द्यायची, हे त्यांना त्यांच्या उस्तादाने शिव्या घालून शिकवलं होतं. त्यांनी लगेच काटकसर सुरू केली. आधी डब्यांचे दिवे बंद केले, मग धूर बंद केला, मग एक डबा काढला. गाडी शिट्टीच्या झटक्यापर्यंत पोचली आणि थांबली.

"आवाज कमी केला तर चालेल, बाबा," मृण्मयी म्हणाली.

"आवाज न्हाई कमी करायचा."

"स्पीकरच जास्त खातोय."

"खाऊ दे. बाकी सगळ्यांना उपाशी ठेव."

आवाज कमी केला की आपल्या कानांपर्यंत तो पोचणार नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. मृण्मयीला ते कळलं, आणि तिने विषय वाढवला नाही.

पुढच्या खेपेला ऋषिकेशने जर्मनीहून विजेचा मोठा डबा आणला. मग काय विचारता! सगळे दिवे लावून, धूर सोडून, पूर्ण गाडी ताम्हिणी चढली, आउटरला आली, आणि शिट्टी अशी खणखणली की पत्रे थरथरले. दादासाहेबांना ती ऐकू आली. स्वच्छ, शेपटीपर्यंत. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. ते जिन्याच्या तोंडाशी गेले आणि गाव ऐकेल अशा आवाजात त्यांनी अनसूयाबाईंना हाक मारली. त्या गुडघे धरत वर आल्या. दादासाहेबांनी त्यांना रुळांच्या अगदी जवळ, चांगल्या खुर्चीवर बसवलं आणि पुन्हा शिट्टी दिली.

अनसूयाबाईंनी नीट ऐकली. मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, कारण आता जे बोलायचं ते त्यांनाही नको होतं. पण त्यांना खोटं बोलता येत नसे. "चांगली हाय," त्या मोठ्याने म्हणाल्या. "पण ही तुमची न्हवं."

"माझी न्हवं? माझा हात हाय त्यात!"

"हात असंल. शिट्टी तुमची न्हाई. तुमची अशी अंगावर येत नव्हती."

दादासाहेबांनी पुन्हा वाजवली, चार वेळा वाजवली. मृण्मयीने सूर थोडा वर नेला, थोडा खाली आणला. दर रविवारी अनसूयाबाईंना वर बोलवायचं, त्याच खुर्चीवर बसवायचं, आणि दर रविवारी त्यांनी मान हलवायची. शेवटी दादासाहेब चिडले. "जन्मभर शिट्टीच्या खाली उभा होतो मी, तू न्हाई! मला शिकवतीस?" अनसूयाबाई जिना उतरून गेल्या. त्यांना वाईट वाटलं होतं. दादासाहेबांनाही वाटलं, पण रागावलेल्या माणसाला ते लगेच कळत नाही. आणि दोघांचंही खरं होतं, हे तर कुणालाच कळलं नाही.

ती वर्षं लोडशेडिंगची होती. दिवसाचे कितीतरी तास लाइट नसायची. "धरण आमच्या उशाला, अन् अंधार बी आमच्याच घरात," असं हैबतराव येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. लाइट जाण्यापेक्षा तिचं येणं वाईट असायचं. कधी ती मिणमिणत यायची, कधी एकदम अंगात आल्यासारखी. अशीच एका दुपारी आली. हैबतरावांच्या पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर फटकन उडाला, खालचे दोन बल्ब गेले, आणि गच्चीवर जर्मनीचा मोठा डबा एकदा करपट वास सोडून कायमचा गप्प झाला. मृण्मयीने तो उघडून पाहिला. आत काळं ठिक्कर पडलं होतं.

 दादासाहेबांनी खाली जाऊन पुठ्ठ्याची खोकी मागितली. मृण्मयी म्हणाली, दुसरा डबा मागवू. त्यांनी हात हलवला. "कशाला? ती म्हणती माझी न्हवं. आणि मला..." त्यांनी कानाला बोट लावलं. गेल्या काही महिन्यांत त्यांना पत्र्यावरचा पाऊससुद्धा ऐकू येईनासा झाला होता. आता फुल आवाजातली शिट्टीही त्यांना धूसरच ऐकू यायची. रविवारी सगळं काढून बांधायचं ठरलं.

त्या रविवारी जेवणं होऊन भांडीही घासून झाली होती. सारजाबाई मेथीची जुडी घेऊन वर आल्या होत्या, आणि स्वयंपाकघरात त्या आणि अनसूयाबाई भाजी निवडत बसल्या होत्या. गॅसवर चहाचं आधण सूं सूं करत होतं. दादासाहेब दाराशी पाटावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. वर जायला त्यांचा पाय निघत नव्हता. मृण्मयी एकटीच वर होती. बांधायच्या आधी एकदा तिने जुना पांढरा डबा जोडला. तो दमाने लहान, हे तिला माहीत होतं. म्हणून तिने दिवे बंद केले, धूर बंद केला, आणि आता ऐकायला बाबा नाहीतच म्हणून आवाजही उतरवत उतरवत पार खाली आणला. गाडी ताम्हिणी चढली. आउटरला आली. तिने दोन नंबर दाबला.

खाली दादासाहेबांना काही ऐकू आलं नाही. त्यांना दिसलं ते असं. सारजाबाई हातवारे करत काहीतरी रंगवून सांगत होत्या आणि अनसूयाबाई मान डोलवत होत्या. मध्येच त्यांची मान थांबली. हातातली मेथी त्यांनी खाली ठेवली, गुडघ्यावर हात देऊन उठल्या, चहाचं आधण बाजूला सारून त्या जागी तवा चढवला, डब्यातून ज्वारीचं पीठ परातीत घेतलं आणि त्यात पाण्याचा हबका मारला.

"आवं अनसूयाबाई," सारजाबाई म्हणाल्या, "आत्ता जेवलात न्हवं? भाकरी कुणासाठी?"

अनसूयाबाईंचे हात पिठात थांबले. त्यांनी सारजाबाईंकडे पाहिलं, मग पिठाकडे. "यांची गाडी आली न्हवं," त्या म्हणाल्या, आणि म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. त्यांनी वळून दाराकडे पाहिलं. दादासाहेब पाटावरून उठून उभे राहिले होते, आणि त्यांच्या मुठीतल्या शेंगा खाली सांडल्या होत्या.

त्यांना एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. पण तव्याकडे जाणारा तो हात त्यांना माहीत होता. शिट्टी कशी वाजते हे त्यांना जन्मभर ठाऊक होतं, पण ती घरी पोचते तेव्हा कशी असते, हे त्यांना कधीच ठाऊक नव्हतं. कसं असणार? ती पोचायची तेव्हा ते मैलभर लांब इंजिनावर असायचे. अनसूयेने ती कधी खुर्चीवर बसून, कान देऊन ऐकलीच नव्हती. स्टोव्हच्या आवाजातून, रान ओलांडून आलेली, अर्धी विरलेली, कामाच्या नादात कानांवर पडलेली, तीच तिची शिट्टी. आणि आपण तिला वर बसवून कानाशी ओरडत होतो! दादासाहेबांना स्वतःची लाज वाटली, आणि त्याच्या दुप्पट आनंद झाला.

मृण्मयी धावतच जिना उतरून आली. "बाबा, पूर्ण चढली! जुन्या डब्यावर! शिट्टीला पण थांबली नाही!" ती ओठ उघडून, हळूहळू, मोठ्याने बोलत होती. मग तिने परातीकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं.

"आवाज किती ठेवलास?" दादासाहेबांनी विचारलं.

तिने चिमटीने दाखवला. एवढासा.

"तिथंच ठेव."

"पण बाबा, तेवढ्यात तुम्हाला काहीच ऐकू येणार नाही. मोठा डबा आणू आपण, मग दोन्ही..."

"पोरी," दादासाहेब म्हणाले, "मी ती माझ्यासाठी कुठं वाजवत होतो?"

अनसूयाबाईंनी पदराने डोळे पुसले, तर गालाला पीठ लागलं. सारजाबाईंना अर्धंच कळलं होतं, पण त्याही उगाच डोळे पुसू लागल्या. भर दुपारी, पोट भरलेलं असताना, दादासाहेबांनी त्या दिवशी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

खोकी हैबतरावांच्या गोठ्यात गेली. गाडी राहिली, आणि पुढे २०१० सालीही ती त्याच पांढऱ्या डब्यावर चालत होती. तोवर दादासाहेबांचे कान पुरते गेले होते. तरी लाइट असली की संध्याकाळी ते वर जायचे. गाडी काढायचे, ताम्हिणी चढवायचे, आउटरला आणून दोन नंबर दाबायचे, आणि शेपटी उतरेल एवढा वेळ डोळे मिटून उभे राहायचे. त्यांच्या लेखी खोली मुकीच असायची. मग इंजिन शेडला लावायचे, गच्चीवरच्या नळाला हातपाय धुवायचे आणि कठडा धरत जिना उतरायचे. खाली पहिली भाकरी तव्यावर फुगलेली असायची.